गॉथिक पीरियड फिल्मचं छायाचित्रण: काळोख आधी रचा, दिवे मग लावा

जुनी हवेली, हातात मेणबत्ती धरलेली बाई, लांबलचक व्हरांडा, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला कुणीतरी उभं असल्याचा भास. गॉथिक फिल्म करायची म्हटलं की डोळ्यांसमोर हे येतं, आणि पहिल्या दिवसाचं शूटिंग मॉनिटरवर पाहिलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर सगळं काळंठिक्कर पडलेलं असतं आणि कुठे काय चाललंय ते कळत नाही. नाहीतर सगळं छान दिसत असतं, पण हवेलीत वीज आलेली आहे असं वाटत राहतं.

दोन्हींचं मूळ एकच. दिवे कुठे लावायचे याचा विचार झालेला असतो, काळोख कुठे राखायचा याचा नाही. हे काम मी करत आलोय आणि या क्रमाने विचार केला की गोंधळ खूप कमी होतो, म्हणून तो क्रम इथे देतो. तुमच्याकडे मोठं युनिट नाही, कॅमेरा मध्यम किमतीचा आहे आणि जागा एकच मिळालीय, असं धरून लिहितोय.

१. साल ठरवा, म्हणजे दिवा ठरेल

"जुना काळ" एवढ्यावर लायटिंग करता येत नाही. दिग्दर्शकाकडून साल काढून घ्या. १७८० च्या आधीची गोष्ट असेल तर मेणबत्ती, चरबीचे आणि साधे तेलाचे दिवे, मशाल आणि फायरप्लेस एवढंच हाताशी आहे. १७८० मध्ये आरगांडचा तेलाचा दिवा आला. गोल वात आणि काचेची चिमणी, त्यामुळे ज्योत स्थिर आणि बरीच उजळ. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते १८०७ मध्ये. रॉकेलचे कंदील १८५० च्या दशकातले. गॅसच्या दिव्यावर जाळी बसून त्याचा प्रकाश पांढरट झाला तो १८८५ नंतर. काडी ओढून पेटवायची आगपेटीसुद्धा १८२७ च्या आधी दुकानात मिळत नव्हती, त्यामुळे १८१० सालच्या नायिकेने काडी ओढून मेणबत्ती पेटवणं चुकीचंच.

याचा थेट परिणाम तुमच्या फ्रेमवर होतो. मेणबत्तीचा उजेड टेबलाच्या उंचीवरून येतो आणि माणसाबरोबर चालतो. भिंतीवरचा गॅसचा दिवा डोक्याच्या वर आणि जागच्या जागी असतो. म्हणजे सावल्या कुठे पडणार, चेहऱ्याचा कुठला भाग उजळणार, पात्र खोलीत कुठे उभं राहणार, हे सगळं त्या सालावर ठरतं.

२. पटकथेचा "उजेड-तक्ता" बनवा

प्रत्येक दृश्यापुढे चार रकाने: वेळ, प्रकाश कुठून येतोय, तो कुणाच्या ताब्यात आहे, आणि दृश्यात तो बदलतो का. तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेणबत्ती नायिकेच्या हातात असेल तर काय दिसावं हे ती ठरवतेय. ती मेणबत्ती दुसऱ्याच्या हातात गेली की तिचा ताबा सुटला. हे संवादातून सांगावं लागत नाही, कॅमेरा सांगतो. हा तक्ता दिग्दर्शक, कलादिग्दर्शक आणि वेशभूषाकार या तिघांनाही द्या.

३. जागा पाहायला जा, तेही दोनदा

एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दिवसा पाहताना खिडक्यांची दिशा, छताची उंची, भिंतींचा रंग आणि बाहेरून खिडकीपाशी स्टँड उभा करता येतो का ते बघा. दुसऱ्या मजल्यावरची खोली सुंदर असते, पण चंद्रप्रकाशाचा दिवा बाहेरून तिथवर नेण्यासाठी मचाण लागतं.

भिंती पांढऱ्या असतील तर सावध व्हा. पांढरी भिंत उजेड परत फेकते आणि तुमचा काळोख धुऊन टाकते. रंग बदलायची परवानगी नसेल तर कॅमेऱ्यामागच्या आणि बाजूच्या भिंतींवर काळं कापड लावायची तयारी ठेवा. भिंत गडद असेल पण तिच्यावर थोडी चकाकी असेल, व्हार्निश केलेली लाकडी पॅनेल असतील, तर ते तुमचं नशीब. चकाकी ज्योत पकडते आणि बाकीचं अंधारात राहतं. पोपडे आलेल्या भिंतीवर अगदी कडेने, भिंतीला घासून प्रकाश टाकला की प्रत्येक पापुद्रा दिसतो.

कागदपत्रं:
- जागामालकाची लेखी परवानगी, आणि तिच्यात उघडी ज्योत व धूर यांचा वेगळा, स्पष्ट उल्लेख. "शूटिंगला परवानगी" एवढ्यात मेणबत्ती येते असं गृहीत धरू नका.
- वास्तू संरक्षित असेल तर संबंधित खात्याची परवानगी. काही ठिकाणी ज्योतीला सरसकट मनाई असते.
- जागेचा आणि उपकरणांचा विमा.
- खोल्यांचा मोजमापासह नकाशा, दिशा दाखवलेला.

सामान:
- लाइट मीटर. मॉनिटर अंधाऱ्या खोलीत फसवतो, मीटर फसवत नाही.
- डिमरवर चालणारे टंगस्टन बल्ब, २००० केल्विनपर्यंत (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश तांबूस) उतरणारे एक-दोन छोटे एलईडी, आणि खिडकीबाहेरून टाकायला एक जोरकस दिवा.
- केशरी जिलेटिन कागद हलक्या ते गडद छटांत, थोडे एनडी जिलेटिन (रंग न बदलता उजेड कमी करणारे).
- काळं जाड कापड, वाटतं त्याच्या दुप्पट. कटर (उजेड अडवायचे काळे पडदे), चिमटे, काळी फॉइल.
- हेझ मशीन (हवेत विरळ धूर सोडणारं यंत्र).
- अग्निशामक, वाळूची बादली, ओलं ब्लँकेट.

४. मेणबत्तीचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण गॉथिक फिल्म इथेच जमते किंवा बिघडते.

एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण १ लक्स (उजेड मोजायचं एकक) पडतो. अंतर निम्मं केलं की तो चौपट होतो, म्हणजे अर्ध्या मीटरवर ४ लक्स. आता कॅमेऱ्याची बाजू: आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं तोंड एफ/२ (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड, धरलं तर नेहमीच्या एक्स्पोजरला ६० ते ८० लक्स लागतात. चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर तीन-चार मेणबत्त्या ठेवल्या की १२ ते १६ लक्स मिळतात. हे दोन स्टॉप कमी आहे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि गॉथिक दृश्यात चेहरा एक-दोन स्टॉप खाली असणं शोभतंच. पण तेच पात्र मागे सरकून मेणबत्त्यांपासून मीटरभर अंतरावर गेलं की उजेड एक चतुर्थांश होतो आणि चेहरा हरवतो. म्हणून मेणबत्तीच्या दृश्यात नटांच्या जागा जमिनीवर खुणा करून पक्क्या करा, आणि मागे सरकणं हे अभिनयाचा भाग म्हणून वापरा.

निव्वळ मेणबत्त्यांवर शूट करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्याचं मोठं उदाहरण म्हणजे १९७५ चा "बॅरी लिंडन". छायाचित्रणकार जॉन ऑल्कॉट यांनी त्यातल्या मेणबत्तीच्या दृश्यांसाठी झाइसची ५० मिमी, एफ/०.७ ची लेन्स वापरली. ती मुळात नासासाठी बनली होती. फोकसची खोली इतकी कमी होती की नटांना जवळजवळ न हलता बसावं लागे. त्या कामातली एक बारीक गोष्ट तुम्हालाही उपयोगी पडेल: झुंबरांच्या वर धातूचे परावर्तक लावले होते, त्यामुळे उष्णतेपासून छत वाचलं आणि वाया जाणारा उजेड खाली आला.

तुमच्याकडे ती लेन्स नाही, तेव्हा मदतीचा दिवा लागणार. तो असा लावा:

ज्योतीच्याच बाजूने आणि जवळपास ज्योतीच्याच उंचीवरून टाका. वरून टाकलात तर नाकाची सावली खाली पडते आणि मेणबत्ती खोटी ठरते. टंगस्टन बल्ब डिमरने उतरवला की त्याचा रंग आपोआप तांबूस होत जातो. मेणबत्तीच्या १९०० केल्विनच्या आसपास जायचा हा सगळ्यात स्वस्त आणि सुंदर मार्ग आहे. एलईडी वापरत असाल तर उतरवलेल्या अवस्थेत तो कॅमेऱ्यावर लहरतो का, पट्टे येतात का, हे आदल्या दिवशी तपासा.

मदतीचा दिवा खुद्द मेणबत्तीवर पडू देऊ नका. पडला की मेणबत्तीची आणि तिच्या स्टँडची सावली मागच्या भिंतीवर उमटते, आणि दिव्याचीच सावली पडलेली पाहून प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. कटर लावून तेवढा भाग झाका. नवख्या कामात ही चूक इतक्यांदा दिसते की मी प्रत्येक शॉटच्या आधी आवर्जून भिंत बघतो.

ज्योत थरथरते कधी? हवा हलते तेव्हा. बंद खोलीत ती जवळजवळ स्थिर असते. तेव्हा डिमर सतत वरखाली करत बसू नका. दार उघडलं, कुणी झपकन शेजारून गेलं, की एकदाच थरथरू द्या. मग ते थरथरणं प्रेक्षकाला सांगतं की खोलीत कुणीतरी आलं. फायरप्लेसचं वेगळं. तिथे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या लयीत हलवा. एकच दिवा हलवला तर तो बिघडलेला वाटतो.

चालत्या पात्राच्या हातात मेणबत्ती असेल तर एक माणूस काठीला कागदी आकाशकंदिलात बल्ब लटकवून फ्रेमबाहेरून तिच्याबरोबर चालवा. कंदील असेल तर काचेच्या आत, पात्राच्या बाजूला, छोटा एलईडी लपवा आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या काचेला आतून एनडी जिलेटिन लावा, म्हणजे कंदील पांढराफटक जळणार नाही. ज्योतीचा गाभा जळाला तरी चालतो, भोवतीचं पिवळं वलय टिकलं पाहिजे.

मेणबत्त्यांची लांबी कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं सारखं दिसण्याचा, शत्रू आहे. एकाच लॉटमधल्या भरपूर घ्या, तीन वेगवेगळ्या उंचीत कापून ठेवा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर दृश्य क्रमांक लिहा. टेक संपला की लगेच विझवा. दोन-तीन वातींच्या मेणबत्त्या जास्त उजेड देतात, पण भराभर संपतात आणि ओघळतात.

सुरक्षेबाबत तडजोड नको. लेसच्या बाह्या आणि स्प्रे मारलेला विग क्षणात पेट घेतात. ज्योत पेटलेली असताना एका माणसाचं काम फक्त ज्योतींकडे बघणं एवढंच असावं, त्याच्या हातात दुसरं काहीही देऊ नका.

५. चंद्राचा उजेड

चांदणं निळं असतं असं सिनेमाने आपल्याला शिकवलंय. प्रत्यक्षात चंद्राचा प्रकाश सुमारे ४१०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा थोडा तांबूसच. तो आपल्याला निळसर, बेरंग वाटतो कारण अंधुक प्रकाशात डोळ्याला लाल रंग दिसेनासा होतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे नोंदवलं. त्याच्या नावाने हा परिणाम आजही ओळखला जातो. रात्री लाल गुलाब काळा दिसतो, ओठ काळे पडतात.

यातून कामाची युक्ती निघते. निळा वाढवण्यापेक्षा लाल काढून टाका. २०२४ च्या "नोस्फेरातू" या सिनेमात छायाचित्रणकार जारिन ब्लाश्की यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी लाल प्रकाश अडवणारा फिल्टर वापरला, आणि ते चांदणं अंगावर येतं ते त्याच्या फिकेपणामुळे. तुम्ही कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला प्रकाश पांढरा धरायचा ते) ३२०० केल्विनवर ठेवा, चंद्राचा दिवा ४३०० च्या आसपास ठेवा आणि रंग काढायचं काम ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग आणि उजेड ठीक करताना, करा. ५६०० चा दिवा तसाच वापरला तर खोली निळ्या शाईत बुडते.

चंद्र एकच असतो. म्हणून दिवा एकच, लांब, उंच आणि कडक. समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून चांदणं आत येत असेल तर घर खोटं ठरलं. तावदानांची नक्षी जमिनीवर पडू द्या, आणि पात्राला त्या कवडशात उभं करण्यापेक्षा त्यातून ओलांडून जाऊ द्या.

बाहेरची रात्र दिवसा शूट करायची असेल तर ऊन पात्रांच्या पाठीमागून घ्या, आकाश फ्रेमबाहेर ठेवा, दोनेक स्टॉप कमी एक्स्पोज करा. पण त्या फ्रेममध्ये पेटता कंदील किंवा उजळलेली खिडकी असेल तर हे जमत नाही, कारण उन्हापुढे कंदील टिकत नाही. तसा शॉट सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत घ्या. तालमी आधी उरका, त्या वेळात फक्त कॅमेरा चालू करायचा.

६. काळोखाला आकार द्या

आता मुख्य गोष्ट. पडद्यावर काळोख दिसायला त्याच्या कडेला उजळलेलं काहीतरी लागतं. दाराची चौकट, जिन्याचा कठडा, दूरच्या खोलीतली एक मेणबत्ती. नुसतं कमी एक्स्पोजर केलं की काळोख सपाट होतो. पुढे काळी आकृती, मध्ये पात्र, त्यामागे काळोख आणि अगदी शेवटी एक उजळ ठिपका, अशी रचना केली की मधल्या काळोखाला खोली येते आणि प्रेक्षकाची नजर तिथे जाऊन शोधू लागते. भीती त्या शोधण्यात आहे.

चेहऱ्यासाठी मुख्य उजेड कॅमेऱ्यापासून दूरच्या बाजूने घ्या, म्हणजे आपल्याला चेहऱ्याची सावलीची बाजू दिसते. जवळच्या बाजूला उजेड परतवायला थर्मोकोल लावायची सवय असेल तर ती मोडा आणि तिथे काळं कापड धरा. डोळ्यांत मात्र एक टिंब असू द्या. डोळ्यातलं ते टिंब गेलं की पात्र मेल्यासारखं दिसतं. ते हवं असेल तेव्हाच काढा, आणि काढाल तेव्हा त्याचा परिणाम बघा.

१९६१ च्या "द इनोसंट्स" या सिनेमात छायाचित्रणकार फ्रेडी फ्रान्सिस यांना सिनेमास्कोपची रुंद फ्रेम मिळाली होती, आणि भुताच्या गोष्टीला इतकी मोकळी जागा अडचणीची. त्यांनी कडांना हाताने रंगवलेले फिल्टर लावून फ्रेमच्या बाजू अंधारल्या. प्रेक्षक मधल्या चेहऱ्याकडे बघतो आणि कडेला काय आहे याची धास्ती बाळगतो. तुम्ही हे काळ्या कापडाने आणि कटरने सेटवरच करू शकता. ग्रेडिंगमध्ये कडा काळ्या करणं शेवटचा उपाय समजा, कारण ती कड पात्राबरोबर हलत नाही.

७. धूर आणि फिल्टर, पण दोन्ही भरमसाट नकोत

हेझ पाठीमागून आलेल्या उजेडात दिसतो, समोरच्या उजेडात नुसता धुरकटपणा येतो. म्हणून खिडकीतली तिरीप दाखवायची तर कॅमेरा खिडकीकडे तोंड करून. एका दृश्यातल्या सगळ्या शॉट्समध्ये धुराची घनता सारखी ठेवणं हे खरं कष्टाचं काम आहे. दारं बंद ठेवा, प्रत्येक टेकआधी तोच प्रकाश आणि तीच काळी वस्तू मॉनिटरवर बघा, काळी वस्तू करडी झाली की थांबा.

डिफ्यूजन फिल्टर (लेन्सपुढे लावायची, चित्र मऊ करणारी काच) ज्योतीभोवती सुंदर वलय देतो. पण तो आणि हेझ एकत्र आले की काळा रंग दुधाळ होतो, आणि तो गेला की काळोखही गेला. दोघांपैकी एकाला मुख्य करा.

८. कॅमेरा, लेन्स, फ्रेम

गडद फिल्मसाठी ८-बिट रेकॉर्डिंग टाळा. अंधाऱ्या भिंतीवरच्या हळूहळू उतरणाऱ्या छटांना पायऱ्या पडतात आणि त्या नंतर जात नाहीत. १०-बिट लॉग किंवा रॉ घ्या, या रेकॉर्डिंगमध्ये ग्रेडिंगसाठी छटा जास्त शिल्लक राहतात. आयएसओ वाढवून एक्स्पोजर सावरण्यापेक्षा वेगवान, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स भाड्याने आणणं बरं, पण सगळं एफ/१.४ वर शूट करू नका. गॉथिक फिल्ममध्ये घर हे पात्र असतं, आणि मागची भिंत सतत धूसर असेल तर ते पात्र गायब होतं.

उंच छत, उंच दारं, जिने दाखवायचे तर १.६६ (रुंदी उंचीच्या १.६६ पट) किंवा त्याहून उभट फ्रेमचा विचार करा. "द लाइटहाउस" हा सिनेमा १.१९ मध्ये आहे. कॅमेरा थोडा खाली ठेवून छत फ्रेममध्ये घ्या. ट्रॉली चालवाल तर अगदी सावकाश, आणि पात्राच्या हालचालीशी तिचा संबंध नसू द्या. पात्र थांबलंय आणि कॅमेरा तरीही पुढे सरकतोय, यातून घरात आणखी कुणीतरी आहे हे कळतं.

९. कपड्यांशी आधी बोला

पांढरीशुभ्र कॉलर मेणबत्तीतही डोळ्यांत खुपते. वेशभूषाकाराला ती चहाच्या पाण्यात बुडवून उतरवायला सांगा. काळं मखमल उजेड गिळतं, काळं रेशीम तो पकडतं. काळोखात उभ्या राहणाऱ्या विधवेला रेशीम द्या, म्हणजे घडीच्या कडांवरूनच तिची आकृती उमटेल. चंद्रप्रकाशात लाल काढणार असाल तर लाल झगा काळा दिसणार, हे कापड घेण्याआधी ठरवा.

१०. ग्रेडिंग आणि शेवटची तपासणी

एडिटिंगच्या खोलीत सगळ्यांना सावल्या उचलायचा मोह होतो, "नीट दिसत नाही" म्हणून. उचलू नका. सेटवर जो काळा ठरवला होता त्या मीटरच्या नोंदी आणि प्रत्येक दृश्याचा एक संदर्भ फोटो ग्रेडिंगवाल्याला द्या. काळा अगदी शून्यावर नेण्याऐवजी त्यात किंचित छटा ठेवा. सपाट काळ्या भागावर बारीक ग्रेन (दाणेदार पोत) घातला तर पायऱ्याही कमी दिसतात.

मग पूर्ण अंधाऱ्या खोलीत बघा. नंतर दिवसाच्या उजेडात साध्या फोनवर बघा, कारण बरेच लोक तिथेच बघणार. शेवटी फाइल प्रत्यक्ष अपलोड करून, ती कॉम्प्रेस झाल्यावर, जिन्याचा आणि व्हरांड्याचा शॉट पुन्हा तपासा. तिथे ठोकळे दिसले तर त्या दोन शॉट्सपुरता ग्रेन वाढवा किंवा बिटरेट जास्त ठेवून फाइल नव्याने काढा.